गाडीतला सबवूफर: आधी डिकी मोजा, मग बॉक्स ठरवा, सब शेवटी

कार अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात शिरल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "बारा इंची केवढ्याला?" हा प्रश्न खरं तर शेवटून दुसरा यायला हवा. सबचा आवाज निम्मा सबमुळे आणि निम्मा बॉक्समुळे ठरतो. चांगला सब चुकीच्या बॉक्समध्ये गेला की पैसे गेल्यातच जमा. उलट मध्यम किमतीचा सब मापाच्या बॉक्समध्ये बसवला की ऐकणारा "कुठल्या कंपनीचा?" म्हणून विचारतो. म्हणून या लेखात बॉक्सला झुकतं माप आहे.

डिकी, गाडीचा आकार आणि गाणी

टेप घ्या आणि डिकीची तीन मापं लिहा: चाकांच्या कमानींमधली रुंदी, दार बंद होऊ शकेल इतकी खोली, आणि मागच्या सीटच्या पाठीची उंची. सीटची पाठ सरळ नसते. तिचा कल मोबाईलमधल्या लेव्हल अ‍ॅपने अंशांत मोजा, बॉक्सचा मागचा पत्ता (फळी) त्याच कोनात कापायचा आहे. मग स्वतःला विचारा, यातली किती जागा खरंच द्यायची आहे? २०१८ च्या स्विफ्टची डिकी २६८ लिटरची, त्या काळातल्या डिझायरची ३७८. बाहेरून ८० लिटर घेणारा पोर्टेड (हवेसाठी नळी किंवा फट ठेवलेला) बॉक्स स्विफ्टमध्ये ठेवला, तर तीस टक्के डिकी गेली. गणपतीला गावी जाताना बॅगा कुठे ठेवायच्या, हे घरच्यांना आधी विचारलेलं बरं.

गाडीचा आकार दुसऱ्या कारणानेही महत्त्वाचा. बंद केबिन खालच्या सुरांना आपोआप उचलते, याला केबिन गेन म्हणतात. केबिनची लांबी आवाजाच्या अर्ध्या तरंगलांबीएवढी होते त्या सुरापासून ही मदत सुरू होते. केबिन २.४ मीटर धरली तर आवाजाच्या सेकंदाला ३४४ मीटर या वेगाला तिच्या दुपटीने, ४.८ ने, भागून साधारण ७२ हर्ट्झ. त्याखाली सिद्धान्ताने दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत वाढ मिळते. काचा, पत्रा थरथरतात म्हणून प्रत्यक्षात थोडी कमी. सील्ड, म्हणजे पूर्ण हवाबंद, बॉक्सचा आवाज ज्या वेगाने खाली उतरतो, तोही दर सप्तकाला १२ डेसिबलच. एक उतरतो, दुसरी चढते. त्यामुळे हॅचबॅकमध्ये छोटासा सील्ड बॉक्स जितका खोल वाजतो, तितका तोच बॉक्स घरातल्या हॉलमध्ये कधीच वाजत नाही.

सेदानचं गणित वेगळं. डिकी आणि केबिन यांच्यामध्ये सीटची पाठ आणि पार्सल ट्रेचा पत्रा येतो. बराचसा आवाज डिकीतच घुमत राहतो आणि नंबर प्लेट तेवढी खडखडते. अशा गाडीत आर्मरेस्टमागची झडप किंवा ट्रेमधली स्पीकरची भोकं हीच आवाजाची वाट, आणि थोडा जोरकस पोर्टेड बॉक्स घेण्याला इथे अर्थ आहे.

आता गाणी. तबल्याच्या डग्ग्याचा घिस्सा, पखवाज, ढोलकी, संबळ, जुनी हिंदी-मराठी गाणी ऐकणाऱ्याला ठोका नेमका लागून लगेच थांबायला हवा असतो. त्याने सील्ड बॉक्सच घ्यावा. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची. तीही सील्डमध्ये नीट येते. ईडीएम, हिप-हॉप, पंजाबी बीट यांत ३० ते ५० हर्ट्झमधले लांबलेले सूर असतात. ते छातीवर जाणवायला हवे असतील तर पोर्टेड. दोन्हीचं थोडं थोडं हवं असेल तरी आमचं मत सील्डकडेच जातं, कारण सील्ड बॉक्स बनवताना एखाद-दोन लिटरची चूक झाली तर खपून जाते. पोर्टेडमध्ये ती ऐकू येते.

सबच्या कागदावरचे आकडे

खोक्यावर १,२०० वॅट छापलेलं असतं आणि आतल्या कागदावर बारीक अक्षरात आरएमएस ३०० वॅट. खरा आकडा आरएमएस, म्हणजे सब सतत पेलू शकतो तेवढे वॅट. बाकीचा खोक्याच्या सजावटीचा भाग समजा.

त्याच कागदावर खाली काही आकडे असतात. दुकानदार ते दाखवत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. ऑस्ट्रेलियातल्या थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात स्मॉल यांनी मांडलेले हे थील-स्मॉल पॅरामीटर. बॉक्स ठरवायला यांतले पाच पुरतात.

एफएस म्हणजे मोकळ्या हवेत सब स्वतः ज्या सुरावर झुलतो तो, हर्ट्झमध्ये. क्यूटीएस म्हणजे झुलणं किती लवकर आवरतं याचं माप. आकडा लहान तितका मॅग्नेटचा ताबा घट्ट. क्यूईएस हा त्यातला फक्त विजेच्या बाजूचा भाग. व्हीएएस म्हणजे सबच्या कडेची आणि स्पायडरची (मागून आधार देणाऱ्या चकतीची) लवचीकता किती लिटर हवेएवढी आहे ते. आणि एक्समॅक्स म्हणजे कोन, म्हणजे सबचा हलणारा पडदा, एका बाजूला किती मिलिमीटर ताब्यात राहून हलू शकतो.

पहिली चाळणी सोपी. एफएसला क्यूईएसने भागा. उत्तर ५० च्या आसपास किंवा खाली आलं तर सब सील्डसाठी, १०० च्या वर गेलं तर पोर्टेडसाठी. मधलं आलं तर दोन्हीकडे चालतो. ज्या सबचे हे आकडे ना कागदावर ना कंपनीच्या साइटवर, तो घेऊच नका. त्याचा बॉक्स अंदाजानेच बनणार.

आकाराबद्दल: १० इंचीच्या कोनचं क्षेत्रफळ साधारण ३४० चौरस सेंटीमीटर, १२ इंचीचं ४९०, १५ इंचीचं ८१०. ढकलली जाणारी हवा म्हणजे क्षेत्रफळ गुणिले एक्समॅक्स. म्हणून १२ मिलिमीटर एक्समॅक्सचा १० इंची, ७ मिलिमीटरच्या १२ इंचीपेक्षा जास्त हवा हलवतो. "मोठा सब सुस्त असतो" हा समज मात्र सोडून द्या. सुस्त वाजतो तो चुकीच्या मापाच्या बॉक्समुळे.

लहान बॉक्स, खोल बास आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. याला हॉफमनचा नियम म्हणतात. "छोट्या बॉक्समध्ये, छोट्या अ‍ॅम्प्लिफायरवर, जबरदस्त बास" असं कुणी सांगितलं तर हा नियम आठवा.

सील्ड बॉक्सचं गणित

एक १२ इंची सब घेऊ: एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.५०, व्हीएएस ५५ लिटर. बॉक्समध्ये बसवल्यावर क्यूटीएसचा आकडा वाढतो. त्या वाढलेल्या आकड्याला क्यूटीसी म्हणतात. ०.७०७ ला आवाज सपाट, ०.८ ते ०.९ ला जरा भरदार, १ च्या वर गेलं की घुमायला लागतो.

बॉक्सचं माप = व्हीएएस ÷ [(क्यूटीसी ÷ क्यूटीएस)चा वर्ग − १]

क्यूटीसी ०.७०७ हवा तर: ०.७०७ ÷ ०.५० = १.४१, वर्ग २, उणे १ म्हणजे १. बॉक्स ५५ लिटर.
०.८ हवा तर: १.६, वर्ग २.५६, उणे १ म्हणजे १.५६. बॉक्स सुमारे ३५ लिटर.
०.९ हवा तर: १.८, वर्ग ३.२४, उणे १ म्हणजे २.२४. बॉक्स साडेचोवीस लिटर.

गंमत अशी की ५५ वरून ३५ लिटरवर आलं तरी आवाज ३ डेसिबलने पडतो ती जागा जवळपास ४० हर्ट्झलाच राहते, २४.५ लिटरला ती ४२ वर जाते. त्याखाली मात्र लहान बॉक्स लवकर दमतो आणि तेवढाच खोल आवाज काढायला अ‍ॅम्पला जास्त जोर लावावा लागतो. हॅचबॅकमध्ये केबिन गेन हाताशी असल्याने ३५ लिटर हा उत्तम सौदा. २० लिटर डिकी वाचते आणि कानाला फरक नावापुरता.

हे निव्वळ माप झालं. त्यात सबचा आत जाणारा भाग (१२ इंचीला साधारण २ लिटर, नेमका आकडा कागदावर असतो) आणि आतली आडपट्टी मिळवा. म्हणजे आतून ३८ लिटरचा बॉक्स बनवायचा.

पोर्टेड बॉक्स आणि दुकानातला रेडीमेड डबा

पोर्टेड बॉक्समध्ये नळीतली हवा एका ठरावीक सुरावर स्वतःच वाजते आणि तिथे कोन जवळजवळ स्थिर राहतो. तो सूर म्हणजे ट्यूनिंग. गाडीसाठी ३२ ते ३६ हर्ट्झ बहुतेकांना जमतं. ट्यूनिंगच्या खाली मात्र बॉक्समधल्या हवेचा टेकू सुटतो, कोन मोकाट हलतो, कोनमागची तारेची कॉइल मागे आपटते आणि "टक" असा आवाज येतो. पोर्टेड बॉक्सच्या अ‍ॅम्पला सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर अडवणारा) हवाच, तो यासाठी. ३४ ला ट्यून असेल तर फिल्टर २८ ते ३० वर.

गोल नळीची लांबी अशी काढा. व्यास आणि लांबी सेंटीमीटरमध्ये, बॉक्स लिटरमध्ये:

लांबी = (२३५६२.५ × व्यासाचा वर्ग) ÷ (ट्यूनिंगचा वर्ग × बॉक्सचं निव्वळ माप) − (०.७३२ × व्यास)

हे सूत्र बाजारात मिळणाऱ्या तयार डब्याला लावून बघा. आतून ४० लिटर, प्लास्टिकची साडेसात सेंटीमीटर व्यासाची नळी, लांबी १० सेंटीमीटर. उलटं गणित केलं की ट्यूनिंग ४६ हर्ट्झच्या पुढे येतं. म्हणजे हा डबा बेस गिटारच्या खालच्या तारेच्याही वर ट्यून झालेला आहे. ४६ च्या आसपासचा प्रत्येक ठोका फुगतो, त्याखालचं सगळं गायब, आणि गाणं कुठलंही लावा, मागे एकच "धूम-धूम". लोक सबला दोष देतात. त्याच डब्यात त्याच व्यासाची नळी २३ सेंटीमीटरची केली तर ट्यूनिंग ३४ वर येतं. प्लंबिंगच्या दुकानातला पीव्हीसी पाइप आणि दोन तासांचं काम. पाइपचा आतला व्यास स्वतः मोजा, छापलेलं माप बाहेरचं असतं. नळीचं आतलं तोंड समोरच्या पत्त्यापासून निदान एका व्यासाएवढं लांब हवं. जागा नसेल तर कोपर लावून वळवा आणि लांबी मधल्या रेषेवरून मोजा.

साडेसातच्या नळीची दुसरी अडचण म्हणजे तिचं क्षेत्रफळ, जेमतेम ४४ चौरस सेंटीमीटर. ३०० वॅटच्या १२ इंचीने तिच्यातून हवा ढकलली की "फस्स फस्स" ऐकू येतं. ५० लिटरच्या बॉक्सला साधारण १४० चौरस सेंटीमीटर हवेत. पण क्षेत्रफळ वाढवलं की लांबीही वाढते, आणि नवशिके इथेच अडकतात. ५० लिटर, ३४ हर्ट्झ आणि ४.५ × ३२ सेंटीमीटरची लाकडी फट धरली तर लांबी ६५ सेंटीमीटर येते. ती एल आकारात वळवून बॉक्सच्या आतच बसवावी लागते. मग हिशोब असा: निव्वळ ५०, फटीतली हवा ९.४, फटीची भिंत ३.७, सब २. एकूण ६५ लिटर आतून, बाहेरून ८०. पोर्टेड बॉक्स मोठा होतो तो असा. फट बॉक्सच्या भिंतीला लागून असली की ट्यूनिंग जरा खाली सरकतं, तेव्हा दोन-तीन सेंटीमीटर आखूड कापली तरी चालते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. बास ट्यूब (नळकांड्यातला सब) स्वस्त आणि हलकी, पण बहुतेकींचं दुखणं वरच्या तयार डब्यासारखंच. बँडपास बॉक्स (सब आतल्या दोन कप्प्यांच्या मध्ये) एका छोट्या पट्ट्यात जोरात वाजतो, गणित चुकलं तर दुरुस्त करणं कठीण. पहिल्या प्रयत्नात नको. सीटखालचा अ‍ॅक्टिव्ह सब (आतच अ‍ॅम्प असलेला) छातीवर धडकणार नाही, पण दाराच्या स्पीकरांची उणीव नीट भरून काढतो. सीएनजीच्या टाकीने डिकी व्यापली असेल तर हाच मार्ग शहाणपणाचा. टाकी, तिचा पट्टा आणि गॅसची नळी यांच्या जवळपास ड्रिल फिरवू नका, अ‍ॅम्पही त्या ब्रॅकेटवर टांगू नका. मागच्या सीटखाली बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी असते. तिथे स्क्रू मारण्याआधी गाडीखाली वाकून बघायचं.

ओहम आणि वॅट

सब घेण्याआधी अ‍ॅम्प कुठल्या ओहमवर किती आरएमएस देतो ते बघा, मग कॉइल निवडा. दोन कॉइलच्या, ४ + ४ ओहमच्या सबला समांतर जोडलं तर २ ओहम, एकामागे एक जोडलं तर ८. २ + २ वाल्याचे १ किंवा ४. तुमचा मोनो अ‍ॅम्प २ ओहमवर ३०० वॅट देत असेल तर ४ + ४ चा सब. ४ ओहमवर देत असेल तर २ + २ चा, किंवा एका कॉइलचा ४ ओहमचा. दोन चॅनेलचा अ‍ॅम्प ब्रिज केला, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकाच सबला जोडले, की प्रत्येक चॅनेलला निम्माच भार दिसतो. म्हणून "२ ओहम स्टेबल" अ‍ॅम्प ब्रिजमध्ये ४ ओहमच्या खाली नेऊ नये, नाहीतर तापून बंद पडतो.

अ‍ॅम्पचे वॅट खरे की खोटे हे त्याच्या फ्यूजवरून कळतं. फ्यूजचे अँपिअर × १३.८ व्होल्ट × ०.८ (क्लास डी) किंवा × ०.६ (क्लास एबी); क्लास म्हणजे अ‍ॅम्पचा प्रकार. ३० अँपिअरचा फ्यूज आणि क्लास डी असेल तर जास्तीत जास्त ३३० वॅट. अंगावर २,००० लिहिलेलं असलं तरी तेवढी वीज आत शिरतच नाही.

बॉक्स बनवणं

१८ मिलिमीटर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घ्या; १२ मिलिमीटरचे पत्ते स्वतःच थरथरतात. एमडीएफ घट्ट आणि सलग असतं, फक्त पाण्याला घाबरतं. कोकणात, मुंबईत, किंवा डिकीत पाणी झिरपणाऱ्या जुन्या गाडीत आयएस ७१० मार्काचा मरीन प्लाय वापरा. महाग पडतो, पण पावसाळ्यात फुगत नाही. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी लाकूड घेताना यंत्रावरच मापात कापून मागा. घरच्या हातकरवतीने कड सरळ येत नाही आणि वाकड्या कडेतून हवा गळते.

वरच्या ३८ लिटरच्या बॉक्सची कापणी, सीटचा कल साडेतेरा अंश धरून, सगळं सेंटीमीटरमध्ये:

पुढचा पत्ता: ६३.६ × ३७
मागचा तिरका पत्ता: ६३.६ × ३८
वरचा: ६३.६ × १५
खालचा: ६३.६ × २३.४
बाजूचे दोन: उंची ३३.४, वरची कड १५, खालची कड २३

वरच्या आणि खालच्या पत्त्याची मागची कड, तसंच मागच्या पत्त्याच्या वरच्या-खालच्या कडा साडेतेरा अंशात कापायच्या. आतून रुंदी ६०, उंची ३३.४, सरासरी खोली १९ येते. गुणाकार ३८ लिटर. तुमच्या सीटचा कल वेगळा असेल तर वरची-खालची खोली बदला, सरासरी १९ राहू द्या. सगळं मिळून ८ × ४ फुटी शीटचा तिसरा हिस्साही लागत नाही. रिकाम्या बॉक्सचं वजन ११ किलोच्या आसपास.

जोडताना आधी कोरडी मांडणी करून गुण्याने कोन तपासा. मग कडांना फेविकॉल सढळ हाताने; ओलाव्याची भीती असेल तिथे त्याचाच मरीन प्रकार. दर ८ ते १० सेंटीमीटरवर ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडून ४० ते ५० मिलिमीटरचे स्क्रू मारा. भोक न पाडता एमडीएफच्या कडेत स्क्रू घातला की पापुद्रे सुटतात. रात्रभर सुकू द्या, मग आतल्या सगळ्या सांध्यांवर फेविकॉल-भुशाचा लगदा किंवा सिलिकॉन सीलंट बोटाने फिरवा. सिलिकॉन वापरलंत तर पूर्ण एक दिवस थांबा. ओल्या सिलिकॉनची वाफ सबच्या कडेच्या फोमला बाधते. मध्ये पुढच्या आणि मागच्या पत्त्याला टेकणारी एक आडपट्टी घाला, सबच्या मॅग्नेटपासून दूर.

सबचं भोक कागदावरच्या मापाचंच पाडा. १२ इंची म्हणून ३० सेंटीमीटर कापणारे सुतार भेटतात. कटआउट साधारण २८ च्या आसपास असतो. मॅग्नेटमागे निदान ३ सेंटीमीटर मोकळे हवेत, नाहीतर मधल्या भोकातून हवा सुसकारते. जड सबला लाकडी स्क्रूऐवजी टी-नट आणि बोल्ट लावा, कडेखाली फोमची पट्टी द्या.

सील्ड बॉक्समध्ये उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर, ३५ लिटरला ३०० ते ३५० ग्रॅम, पिंजून मोकळा भरा. बॉक्स आवाजाला जरा मोठा भासतो. ठासून भरला की उलटा परिणाम. पोर्टेडमध्ये भरू नका, नळी तो गिळते. कार्पेट लावण्याआधी कापलेल्या कडांना सीलर किंवा प्रायमरचा हात मारा, ओल तिथूनच शिरते.

गळती तपासायची घरगुती युक्ती: सब बसवा, ३० हर्ट्झची टोन हळू आवाजात लावा आणि पेटलेली उदबत्ती प्रत्येक सांध्याजवळून फिरवा. जिथे धुराची रेघ तुटते किंवा फडफडते तिथे भेग. दुसरी चाचणी: सील्ड बॉक्सचा कोन दोन्ही तळव्यांनी सारखा दाबून सोडा. तो सावकाश परत यायला हवा. टुणकन आला तर हवा गळतेय.

वायरिंग

३०० वॅटचा क्लास डी अ‍ॅम्प पूर्ण जोरावर सुमारे २७ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर धरा. खऱ्या तांब्याच्या ८ गेज तारेत एवढ्या भाराला ०.३ व्होल्ट पडतात, ४ गेजमध्ये ०.१२ च्या आत. बाजारातली स्वस्त तार अ‍ॅल्युमिनियमची, वर तांब्याचा मुलामा. तिच्यात दीडपट जास्त पडझड. शिवाय जाड प्लास्टिकमध्ये बारीक तार भरून तिला "४ गेज" म्हणून विकतात. टोक सोलून बघा: ४ गेजचा गाभा २१ चौरस मिलिमीटर, म्हणजे व्यास ५ मिलिमीटरहून जास्त दिसायला हवा. सोललेल्या टोकावर चाकूने खरवडा, आत पांढरं दिसलं की अ‍ॅल्युमिनियम.

फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत, ८ गेजला ४० अँपिअरचा. हा फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. डिकीत अ‍ॅम्पजवळ लावला तर मधली ५ मीटर तार उघड्यावर पडते, आणि ती पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागते. पत्र्यातून तार नेताना रबरी ग्रोमेट घालाच.

अर्थिंगची तार ४५ सेंटीमीटरहून आखूड, तीही पॉवरच्याच गेजची. पत्र्यावरचा रंग चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा, वरून रंग किंवा ग्रीस, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. सीट बेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नका. बॅटरीच्या निगेटिव्हवर सेन्सर असलेल्या गाड्यांत अर्थ थेट त्या टर्मिनलवर देऊ नका; बॉडीवरच द्या.

कंपनीच्या स्क्रीनला आरसीए आउटपुट (अ‍ॅम्पला सिग्नल देणारं सॉकेट) नसतो बहुधा. अशा वेळी स्पीकर-लेव्हल इनपुट असलेला अ‍ॅम्प घ्या किंवा हाय-लो कन्व्हर्टर (स्पीकरच्या तारेतला सिग्नल अ‍ॅम्पजोगा कमी करणारा) लावा. मूळ हार्नेस न कापता कपलरला कपलर जोडणारा सेट मिळतो. वॉरंटीतल्या गाडीला तोच. सिग्नलची तार पॉवरच्या तारेच्या विरुद्ध बाजूने न्या.

बॉक्स रॅचेट पट्ट्याने किंवा एल क्लॅम्पने पक्का करा. सोळा किलोचा सुटा बॉक्स अचानक ब्रेक लागल्यावर सीटच्या पाठीवर येऊन आदळतो. पण तो पाच मिनिटांत निघेल असाही हवा. हॅचबॅकमध्ये स्टेपनी त्याच्याच खाली असते, आणि पंक्चर काही घरासमोर होत नाही. स्पीकरच्या तारेला प्लग ठेवा.

ट्यूनिंग

गेनचा खटका म्हणजे आवाजाचं बटण असं समजून तो शेवटपर्यंत फिरवल्यानेच सर्वांत जास्त सब जळतात. गेन म्हणजे स्क्रीनकडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवणारा खटका. तो असा लावा.

१. सबच्या तारा काढा. बास बूस्ट शून्य, इक्वलायझर सपाट, लो पास (ठरवलेल्या सुरावरचं सगळं अडवणारा फिल्टर) पूर्ण वर.
२. ५० हर्ट्झची ० डेसिबल टोन लावा, स्क्रीनचा आवाज पाऊण.
३. अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा.
४. हवे असलेले व्होल्ट = (आरएमएस वॅट × ओहम)चं वर्गमूळ. ३०० वॅट, २ ओहमला २४.५, ४ ओहमला ३४.६. तेवढा आकडा दिसेपर्यंत गेन हळूहळू वाढवा आणि थांबा.
५. अ‍ॅम्प बंद करून सब जोडा. लो पास ८० हर्ट्झ. दाराच्या स्पीकरांना हाय पास (उलट, खालचं अडवणारा) असेल तर तोही ८०.
६. ओळखीचं गाणं लावून ड्रायव्हरच्या जागेवर बसा. फेज ० आणि १८० दोन्ही ऐका. ज्यात ठोका भरीव आणि समोरून आल्यासारखा वाटतो तो ठेवा.

पाऊण आवाजाच्या पुढे स्क्रीन फिरवायची नाही. गेन तिथवरच जुळवलेला आहे. पुढे सिग्नल कापला जातो आणि कॉइल तापते. रात्री १० ते सकाळी ६ सोसायटीत शिरताना आवाज खाली आणा. ४० हर्ट्झला भिंती अडवत नाहीत, तिसऱ्या मजल्यावरचं बाळ जागं होतं.

नंतर बिघडलं तर

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी "ऊंऽऽ" शिट्टी: बहुतेकदा अर्थिंग सैल किंवा रंगावरच आवळलेली. आधी ती, मग सिग्नल तारेची वाट तपासा.

ठोक्याला हेडलाइट मंदावणं: तारेतली पडझड किंवा थकलेली बॅटरी. इंजिन चालू ठेवून सब वाजत असताना अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर मोजा. बॅटरीवर १३.८ आणि अ‍ॅम्पवर १२.५ दिसलं तर तार किंवा जोड दोषी. दोन्हीकडे सारखंच कमी असेल तर बॅटरी-अल्टरनेटरकडे वळा.

बास एकाच सुराचा, बाकी पोकळ: ट्यूनिंग वर आहे किंवा सील्ड बॉक्स फार लहान. नळी मोजा आणि वरचं सूत्र लावा.

जळका वास: लगेच बंद करा. कोन हाताने हलवताना खरखरलं तर कॉइल गेली. खरखर नसेल तर मल्टिमीटरने ओहम मोजा. ४ ओहमच्या कॉइलचा डीसी रोध ३.२ ते ३.७ येतो, त्यामुळे "चार का दाखवत नाही" म्हणून घाबरू नका. दोन कॉइलच्या सबमध्ये दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक तुटलेली असताना दुसऱ्या कॉइलवर सब महिनोन्महिने अर्धवट वाजत राहतो, आणि मालक गेन वाढवत बसतो.

नवीन बॉक्समध्ये बास अजिबात नाही, फक्त वरवरचा थपथपाट: एका कॉइलची पोलॅरिटी उलटी. अधिक-उणे बदला, सील्ड असो वा पोर्टेड, दोन मिनिटांत फरक पडतो.